मधला ठिपका

जुना लॅपटॉप पुसताना पडद्याच्या कडेला वाळून चिकटलेलं माशाचं खवलं नखाला लागलं आणि मूल गावाजवळच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. दादा तळ्यावरची मासेमारी सोडून मोहर्लीला सफारीची गाडी चालवायला लागला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. सुट्टीत तो आला की एकाच ओसरीवर बसून दोघं आईच्या तोंडून एकमेकांना निरोप देत. त्या दुपारी मी याच लॅपटॉपवर संशोधनासाठी विस्कळीत रचनेच्या चुंबकाचं सिम्युलेशन चालवत होते. काळे-पांढरे ठिपके म्हणजे चुंबकातले कण. तापमान उतरत गेलं की प्रत्येकानं शेजाऱ्यांकडं बघून एका रंगावर गोठायचं. मासे साफ करता करता आई डोकावली आणि ओलं बोट पडद्यावर टेकवून म्हणाली, "हा एकच काऊन थांबून नाई राह्यला वं?" मी सांगितलं, त्याचे दोन शेजारी एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि दोघांनाही तो आपल्यासारखा हवा आहे, म्हणून तो सारखा पलटतो. तिनं विचारलं, "अन् त्याले काढून टाकलं त?" मी हसत तो ठिपका काढला आणि पुन्हा सुरुवातीपासून चालवलं. बाजूचे दोघं लगेच थांबले, एक काळा, एक पांढरा. "पाह्य, कसे गुमान बसले दोघंई," म्हणत ती माशांकडं वळली. आता आई नाही. घरी गेले की बाबा ओसरीच्या एका टोकाला जेवत असतात, दादा दुसऱ्या टोकाला. त्यांच्यात भांडणसुद्धा होत नाही.