एक 'मा.', दोन अर्थ

आमच्या एसटी थांब्यावर सिमेंटचं बाक आहे. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, 'मा. खासदारांच्या निधीतून', आणि खाली नाव. काल शेजारच्या मासळीवालीने विचारलं, "ताई, 'मा.' म्हणजे काय हो?"

"माननीय," मी म्हटलं. तोंड कडू झालं.

पंचवीस वर्षं हा गृहस्थ दिल्लीत संस्कृती राखत होता. म्हणजे काय, तर बायकांनी घरात बसावं, असं भाषण ठोकत होता. गावात मुलींचं कॉलेज त्यानेच होऊ दिलं नाही. त्या मुली आता याच थांब्यावरून तालुक्याला शिकायला जातात.

"पण तो तर यंदा पडला ना?"

"मग माजी."

"म्हणजे रंगाचा खर्च वाचला," ती हसली आणि त्याच्या नावाला पाठ टेकून ऐसपैस बसली.