दोरीवरचं लुगडं आणि गॉगलवाला गाईड

मंडळी, आज सकाळी 'हेरांचं नागपूर' नावाच्या वॉकला गेलो होतो. खरं सांगू? शेवटी तर्री-पोहे मिळणार होते, म्हणून गेलो.

गाईड म्हणजे गॉगल लावलेला पोपट. नागपूर इंग्रजांच्या काळी प्रांताची राजधानी, म्हणून गल्लोगल्ली हेर, असं त्याचं गणित. इतवारीतल्या एका घरासमोर आवाज बारीक करून म्हणतो, "एकाहत्तरच्या युद्धात इथं शत्रूचा हेर राहायचा! गच्चीवर लाल कापड म्हणजे धोका, हिरवं म्हणजे रस्ता मोकळा." लागले आमचे शहाणे फोटो काढायला.

तेवढ्यात दारातून एक म्हातारी बाहेर आली. "माह्या बापाले हेर काहून म्हणून राहिला गा? तू दर रविवारी येऊन हेच सांगतं, अन् तिकडे शाळेत माह्या नातवाले पोरं गद्दार म्हणते."

गाईड हसला. "मग काकू, ते लाल-हिरवं काय होतं?"

"माह्या मायचं लुगडं. दोनच लुगडे होते तिच्यापाशी. लाल अंगावर असलं तं हिरवं दोरीवर, अन् हिरवं अंगावर असलं तं लाल."

त्या दिवट्याला लाज वाटावी ना? तो आमच्याकडे वळून म्हणतो, "बघा, म्हणजे रंग बदलायचा हे खरं!" आणि दोघा-तिघांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मी पोहे न खाता परत आलो. त्यात काही मोठा तीर मारला नाही, हेही कळतं. पण तुम्हीच सांगा, उद्या हा पोपट तुमच्या दारात उभा राहिला, तर तुमच्या आईच्या दोरीवरून कोणाला गद्दार ठरवेल?