हिझाकाकूंनी बसवलेला संघ

हिझाकाकू माणसाला खालून वर वाचत. आधी गुडघे, मग कंबर, आणि वेळ उरला तर चेहरा. टोकियोतल्या हिगाशी-कासाईच्या आमच्या इमारतीत त्या राहायला आल्या त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या आईला नावही विचारलं नाही. म्हणाल्या, "डावा ना? जिना उतरताना?" आई म्हणाली, "अय्या, तुम्हाला कसं कळलं?" तिथून दोघींची मैत्री. त्यांचं खरं नाव वसुधा. पण जपानी शाळांत जाणाऱ्या इमारतीतल्या मराठी पोरांनी त्यांना हिझाकाकू करून टाकलं. हिझा म्हणजे गुडघा. काकूंना नाव पसंत पडलं. "नुसती काकू काय, कुणीही असते," म्हणायच्या.

पुण्यात त्यांनी पंधरा वर्षं फिजिओथेरपी केली होती. नवऱ्याला टोकियोत सॉफ्टवेअरचं काम मिळालं म्हणून त्या इकडे आल्या आणि विमानातून उतरताक्षणी त्यांची पदवी नुसता कागद झाली. परवाना हवा असेल तर पुन्हा कॉलेज, पुन्हा परीक्षा, तीही जपानीत. पन्नाशीच्या बाईने! मग त्या स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, तळलेल्या कोंबडीच्या काउंटरवर उभ्या राहू लागल्या. स्वतः अंडंही न खाणारी बाई. मी तेव्हा अशा अर्धवेळ कामगारांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहायचे आणि स्टेशनबाहेर वाटायचे. काकूंवरही एक लिहिलं. त्यांनी ते चष्मा लावून नीट वाचलं आणि परत दिलं. "उद्गारचिन्हं फार झालीत गं. अंगावर सूज आल्यासारखं दिसतंय."

कोंबिनीत त्यांनी काय केलं असेल? पिशवी हातात देता देता म्हाताऱ्यांना व्यायाम सांगायला लागल्या. मोडक्या जपानीत तीनच वाक्यं: उजवा का डावा, किती दिवस, असं करून दाखवा. महिन्याभरात त्यांच्या पाळीला रांग लागू लागली. दुकानाच्या मॅनेजरकडे तक्रार गेली. ही बाई गुडघे बघते म्हणून नाही, मंगळवारी ती नसते तेव्हा कुणीच बघत नाही म्हणून. मॅनेजर सज्जन गृहस्थ. त्याने काउंटरवर सुबक अक्षरात पाटी लावली: गुडघ्यांविषयी चौकशी कृपया खरेदीसोबतच करावी.

हे सगळं सांगते आहे ते माझ्या बहिणीसाठी. सई माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि उंचीने एक फूट मोठी. बास्केटबॉलवर तिला कोबेच्या एका विद्यापीठाने बोलावून घेतलं होतं, प्रवेश आणि वसतिगृहासकट. शाळेच्या शेवटच्या सामन्यात तिच्या उजव्या गुडघ्याची दोरी तुटली. जानेवारीत ऑपरेशन झालं, एप्रिलमध्ये ती कोबेला गेली, आणि सप्टेंबरात लीग. प्रश्न एवढाच होता: तिने खेळायचं की हा हंगाम सोडायचा?

एवढाच प्रश्न, पण त्याला उत्तर देणारा माणूस अख्ख्या जपानात सापडेना. डॉक्टर म्हणाले, जरा बघत राहू. बाबा म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. आई म्हणाली, कोच काय म्हणतात? कोचना तिथे सगळे कांतोकु म्हणतात, तर कांतोकु म्हणाले, सई-सानला स्वतःला काय वाटतं? आणि सईला विचारलं की ती म्हणायची, "दाइजोबु." दाइजोबु म्हणजे ठीक आहे. ठीक नसलं तरीही दाइजोबुच म्हणायचं असतं. ही पोरगी त्याच देशात वाढलेली. लहानपणी दारात बोट चिरडलं तेव्हाही दाइजोबु म्हणाली होती.

आईने हिझाकाकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "हंगाम सोडायचा. वर्षभर उडी नाही. गुडघा म्हणजे काय रताळ्याचा वेल आहे, खोचला की धरला?"

मी लगेच पत्रक काढलं. 'खेळाडू म्हणजे टायर नव्हे!' जपानी तपासायला सईकडेच पाठवलं. छापून आल्यावर वाचलं. सुरुवात होती: हंगामाच्या ऐन तयारीत आपणास तसदी देत असल्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. शेवट होता: आपण गुडघ्यांची आधीपासूनच घेत असलेल्या काळजीबद्दल आभार. मधे माझं काहीच शिल्लक नव्हतं. मी फोनवर किंचाळले. सई म्हणाली, "ताई, मला इथे चार वर्षं राहायचंय. पुढच्या एप्रिलमध्ये माझ्याहून उंच दोघी येतायत. मला खेळायला बोलावलंय, बघायला नाही. प्लीज, तू येऊ नकोस."

अर्थातच मी गेले. काकूही आल्या. सोबत थालीपिठं आणि कांतोकुंसाठी बाकरवडीचा डबा. शिनकानसेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, त्यांनी पुढच्या सीटवरच्या माणसाला मांडीचे स्नायू कसे ताणायचे ते शिकवलं. त्याने नागोयाला उतरताना तीनदा वाकून आभार मानले आणि चौथ्यांदा वाकला तेव्हा काकू म्हणाल्या, "कंबरेतून नको, कंबरेतून नको!" मराठीत. त्याला समजलं.

व्यायामशाळेत पोचलो तर सराव चालू. सई भिंतीपाशी पाठ ताठ करून उभी, आणि जिवाच्या आकांताने ओरडत होती. तिथली रीत अशी की जखमी मुलीने घरी जायचं नाही. रोज यायचं, पूर्ण सरावभर भिंतीशी उभं राहायचं, संघाचा उत्साह वाढवायला ओरडायचं आणि मधे मधे घामाची जमीन पुसायची. एप्रिलपासून रोज चार तास. ऑपरेशन झालेल्या पायावर! काकू बघतच राहिल्या. "ही विश्रांती?" त्या म्हणाल्या. "आमच्या शाळेत याला अंगठे धरून उभं राहणं म्हणत."

कांतोकु साठीचे, अत्यंत नम्र. बाकरवडी दोन्ही हातांनी घेतली. मी दुभाषी. मी चांगलं तासलेलं भाषण तयार करून नेलं होतं, पण काकूंनी ते बोलूच दिलं नाही. "त्यांना सांग, मला फक्त एक गोष्ट बघायचीय. सईने उजव्या पायावर उभं राहून डाव्या पायात मोजा घालून दाखवायचा. टेकायचं नाही. पाच मिनिटांचं काम."

मी भाषांतर केलं. कांतोकु मानेने हो म्हणाले. सईने डावा बूट काढला. आणि मग बाकीच्या एकवीस मुलींनीही डावा बूट काढला. एकीने करायची गोष्ट सगळ्यांनी करायची, हाही तिथला नियम. मी म्हटलं, नाही नाही, फक्त सई. कप्तान वाकून म्हणाली, "सईला एकटं पाडायचं नाही."

बावीस मुली एका पायावर, हातात एकेक मोजा. काकू हात पाठीमागे बांधून रांगेतून चालल्या. सई पहिल्यांदा पडली. मग धपाधप सहाजणी आणखी. कप्तान पडली नाही, पण मोजा घालताना तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. काकूंनी वाकून तिच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "दाइजोबु देसु," कप्तान म्हणाली. काकू माझ्याकडे वळल्या. "हिचं दाइजोबु बघ केवढं सुजलंय."

एवढ्यात मागे मोठा आवाज झाला. कांतोकुंनीही मोजा काढला होता. संघाचा नियम तो नियम. ते डगमगले, बॉलच्या गाड्याला धरायला गेले, आणि गाडा उलटून सगळे बॉल व्यायामशाळाभर पळत सुटले. एकही मुलगी जागची हलली नाही, कारण थांबा असं कुणी म्हटलं नव्हतं. पडल्या होत्या त्या पडलेल्याच, बाकीच्या तशाच एका पायावर उभ्या आणि बॉल त्यांच्यामधून टप्पे खात चाललेले.

"किती?" काकूंनी विचारलं. "पडलेल्या सात. कप्तान धरून आठ. सगळ्यांना खाली बसव. आणि हे तुमचे कांतोकु नववे."

आम्ही एका मुलीची रजा मागायला गेलो होतो आणि ही बाई आठजणी काढून घेत होती. मोर्चात मी हजारदा 'एकीसाठी सगळ्या' म्हणून घसा बसवलाय. त्याचा अर्थ असा होईल असं वाटलं नव्हतं.

मग काकू सईजवळ जाऊन फरशीवर मांडी घालून बसल्या. "दुखतंय?"

"दाइजोबु."

"हे मी कोंबिनीत रोज ऐकते. शेंगदाणे कुटल्यासारखा आवाज येतो गुडघ्यातून आणि म्हणतात दाइजोबु. मला आईला सांगतेस तसं सांग."

सईचे डोळे भरले. मी तिला गेल्या कित्येक वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. ती मराठीत म्हणाली, "दुखतंय, काकू. रोज दुखतं. जिना उतरताना मी कुणी नाही बघून बसून बसून उतरते."

बस्स. मला माझी सगळी पत्रकं घेऊन समुद्रात उडी मारावीशी वाटली. मी तिच्या हक्कासाठी गावभर ओरडत होते आणि हा साधा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

कप्तानने मला विचारलं, ती काय म्हणाली? मी सांगितलं. कप्तान हळूच फरशीवर बसली. म्हणाली, "माझाही गुडघा. मागच्या वर्षापासून."

एकेक करत आठही जणी बसल्या. कांतोकुंनी मोजा परत पायात चढवला. शेवटी म्हणाले, "विचार करू." जपानात विचार करू म्हणजे नाही, हे मी काकूंना परतीच्या गाडीत तावातावाने समजावून सांगत होते. काकू थालीपीठ खात म्हणाल्या, "करू दे की विचार. बसून करतील, उभं राहणं त्यांना जमणार नाही."

पुढच्या सोमवारी सईने फोटो पाठवला. भिंतीशी आठ घडीच्या खुर्च्या, आणि जरा अंतर ठेवून नववी. कुणीही काही जाहीर केलं नव्हतं. घोषणा नाही, सभा नाही. सईने हंगाम सोडला, आणि तो बसून सोडला.

काकूंना तो हंगाम इथे बघता आला नाही. ऑगस्टअखेर नवऱ्याचं कंत्राट संपलं, आणि या देशाने त्यांना शांतपणे, नम्रपणे जाऊ दिलं. अशी बाई हातातून जातेय याची कुठल्याही कचेरीत नोंद झाली नसेल. मला अजूनही त्याचा संताप येतो आणि यायलाच हवा. निरोपाला स्टेशनवर म्हाताऱ्यांची ही गर्दी. काकूंनी कुणाशी हात मिळवला नाही, कुणाला मिठी मारली नाही. प्रत्येकाला चार पावलं चालायला लावलं, मान हलवली, आणि पुढच्याकडे वळल्या. मलाही चालायला लावलं. "तुझं ठीक आहे," म्हणाल्या. "तू फक्त बोलताना श्वास घे."

आणि संघ? हरला. राखीव मुली जीव तोडून खेळल्या, पण अकराच्या अकरा मॅच हरल्या आणि संघ खालच्या गटात ढकलला गेला. शेवटच्या मॅचनंतर सईने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच होते. काकू दवाखान्यात, मागे कुणी पेशंट पाय वर करून आडवा. मला वाटलं, आता म्हणतील, हरलात तर हरलात, गुडघा वाचला ना? माझ्या पत्रकात मी तेच लिहिलं असतं.

काकू ओक्साबोक्शी रडत होत्या. "अकराच्या अकरा? अगं, सकाळपासून मोबाइलवर स्कोअर बघतेय मी! एक तरी काढायचीत गं!"

सई म्हणाली, "काकू, तुम्हीच तर बसवलंत आम्हाला."

"मग? बसवणारच होते," काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या. "उद्या पुन्हा बसवीन. म्हणून रडायचंसुद्धा नाही का मी?"