अण्णाला राग येत नसे

अण्णाला राग येत नसे, आणि ह्या एका गोष्टीचा मला जन्मभर संताप आला. दोन महिने राबून त्याने पडद्यावर राजवाडा रंगवावा, आणि नाटक कंपनीच्या मालकाने "खांब बारीक झालेत" म्हणून नाक मुरडावं. हा आपला हसून म्हणणार, "जाड करू की, त्यात काय!" असा माझा थोरला भाऊ.

तिसरीतच शाळा सुटली. सोलापुरात सूत रंगवायच्या कारखान्यात हात निळे-तांबडे करता करता त्याला रंग कळले. बाकी सगळं त्याचं तोच शिकला. नाटकसुद्धा विंगेत उभा राहून शिकला. म्हणायचा, "फुडनं बगणाऱ्याला फसवता येतंय, मागनं बगणाऱ्याला न्हाई."

मग त्याने स्वतःच एक नाटक रचलं, विणकराच्या घरातल्या सासू-सुनेचं. कुंचला चालवत तो बोलायचा, मी लिहून घ्यायची. मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते, अक्षर बरं होतं. सासूच्या तोंडी आमच्या आईच्या शिव्या जशाच्या तशा! हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

मालकाला नाटक पसंत पडलं. पण तिसरी शिकलेल्याचं नाटक बघायला कोण येणार? म्हणून जाहिरातीवर त्याने एका वकिलाचं नाव छापलं. मी तणतणले. अण्णा म्हणाला, "नाव कुणाचंबी असू दे, नाटक लागतंय की!" डोंबल लागतंय!

पहिल्याच खेळाला थिएटर दणाणलं. वकीलसाहेब रंगमंचावर हार घालून घेऊ लागले, तेव्हा मला राहवेना. बायकांच्या बैठकीतून उठून मी ओरडले, "खोटं आहे! हे नाटक माझ्या भावाचं आहे!"

मालकाचं तोंड उतरलं. अण्णा विंगेतून पुढे आला. वाटलं, आता तरी बोलेल. त्याने लोकांपुढे हात जोडले. "बहिणीचा गैरसमज झालाय, माफ करा. आपण पडदेवाले. नाटकातलं आपल्याला काय कळतंय!"

लोक खदाखदा हसले.

घरी आल्यावर म्हणतो कसा, "मी व्हय म्हटलो असतो तर खेळ बंद पडला असता की." खेळ बंद पडला नाही. गावोगाव चालला, वकिलाच्या नावावर. अण्णाने पुन्हा एक ओळ रचली नाही.

तो गेला त्या दिवशी आळीतल्या बायका म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. मी रडले नाही. त्याच्या उशाशी बसून भांडले. "एकदा, अरे, एकदा तरी 'माझं' म्हणायचं होतंस!"