आधी बॅटरी, मग ऊन

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चाळीस वर्षं लोकांच्या घरातलं वायरिंग करत आले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, म्हणून सगळे त्यांना टेस्टरच म्हणत. माणूस सरळ, पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांचा नियम एकच: आधी सगळ्या जोडण्या करायच्या, मेन स्विच सगळ्यात शेवटी. या नियमामुळे आपल्याला कधी शॉक बसला नाही, हे ते कुणाच्या लग्नाला गेले तरी शेजारच्या खुर्चीवाल्याला सांगत.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, एवढंच तिचं फिरणं उरलं. आमची आई नव्वदीची, दोन दिवसांच्या वाटेवर धाकट्या भावाकडे अंथरुणाला खिळलेली. फोनवर रोज एकच विचारायची, "थोरली कधी येतेय?" ना ही हलू शकत होती, ना ती. दोघींतलं आधी कोण जाईल याचा हिशेब घरात कुणी करत नव्हतं असं मी सांगेन, पण ते खोटं होईल. मी करत होते.

मग भाऊजींनीच मनावर घेतलं. एका बेकरीची जुनी व्हॅन आणली, आतले पावाचे रॅक काढून पलंग बसवला, पत्रा कापून खिडकी केली, मशीन बांधून ठेवायला पट्टे लावलेली फळी केली. पडद्याचं कापड ताईने पसंत केलं आणि शिवलेलं नापसंत केलं, तेव्हा मला बरं वाटलं, कारण कुरकुर करण्याइतकी ताकद तिच्यात होती. घरून भरून नेलेली बॅटरी जेमतेम एक रात्र पुरली असती. वाटेत मुक्कामाला प्लग मिळेलच याचा भरवसा नव्हता. म्हणून टपावर सोलर पॅनल. गाडी चालू असो की उभी, मशीन थांबता कामा नये.

"जायचं असेल तर या महिनाभरात जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं मी सांगू शकत नाही."

त्या रविवारी भर दुपारी मी शिडी धरून उभी होते. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटी पेटी असते, कंट्रोलर म्हणतात तिला, उन्हातून आलेली वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारी. भाऊजी टपावरून उतरले आणि पॅनलच्या वायरी त्या पेटीत घालू लागले. बॅटरीच्या वायरी तशाच लोंबत होत्या.

"पुस्तिका वाचलीत का?" मी विचारलं.

"पुस्तिका नवशिक्यांसाठी असते. बॅटरी म्हणजे या गाडीचं मेन. मेन शेवटी."

पण पॅनलला बटण नसतं. डोक्यावर ऊन होतं, म्हणजे त्या वायरींत वीज आधीच होती, आणि बॅटरी न जोडल्यामुळे पेटीला ती ठेवायला जागा नव्हती. बारीक तडतड झाली, जळकट वास आला आणि पेटीवरचे आकडे गेले. भाऊजींनी सवयीने खिशातला टेस्टर काढला. त्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

मी पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर, चौकटीत: आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. मी ते मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. ताईला आत ऐकू जावं म्हणूनच वाचलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. भाऊजी गाडीच्या पायरीवर बसले होते.

"ऊन म्हणजे चालू मेन, हे डोक्यातच आलं नाही माझ्या," ते म्हणाले.

तसली पेटी गावातल्या एकाही दुकानात नव्हती. बाहेरून मागवली, ती सव्विसाव्या दिवशी आली. तोवर भाऊजी रोज दुकानात चकरा मारायचे, इतक्या की दुकानदार त्यांना बघून लांबूनच मान हलवायचा. ताईने बॅग भरली होती. एके दिवशी थंडी वाजते म्हणून त्यातला स्वेटर काढून घेतला. मग ताप आला, मग छातीत कफ साठला, आणि पलंगापासून दारापर्यंतचं फिरणंही थांबलं.

पेटी आली त्या दिवशी भाऊजींनी पॅनलवर जाड कांबळं टाकलं. आधी बॅटरी जोडली, मग पॅनल, मग कांबळं काढलं. हिरवा दिवा लागला. चाचणी म्हणून त्यांनी अडीअडचणीसाठी घरात ठेवलेलं दुसरं मशीन गाडीतल्या फळीवर चालवून ठेवलं. दोन दिवस आणि दोन रात्री ते एकदाही बंद पडलं नाही, रिकाम्या पलंगाला हवा देत राहिलं. काम चोख झालं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरी आल्या, ताईची छाती तपासली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आता अंगणातसुद्धा नेऊ नका."

संध्याकाळी आईचा फोन आला. ताईने दर दोन शब्दांमागे एक श्वास घेत सांगितलं, "गाडीचं काम राहिलंय, आई. झालं की निघते." आम्ही कुणीच काही ठरवलं नव्हतं, तिच्या तोंडून ते आपसूक आलं. "मी येऊ शकत नाही" असं ती म्हणाली असती, तर आईला पुढचं सगळं कळलं असतं. तेव्हापासून रोज हेच चालू आहे.

काल आई चिडली. "दे त्यांना फोन," म्हणाली. ताईने फोन स्पीकरवर टाकून भाऊजींपुढे धरला.

"काय हो जावईबापू, लोकांची घरंच्या घरं उजळलीत म्हणे तुम्ही. मग माझ्या लेकीच्या गाडीला चार वायरी जोडता येईनात?"

खिडकीतून व्हॅन दिसत होती. आतला हिरवा दिवा पडद्यातूनसुद्धा कळत होता. भाऊजींनी तिकडे पाहिलं आणि मग ताईकडे.

"नाही जमत, आई," ते म्हणाले.

"मग कुणीतरी काम येणारा माणूस बघा. माझ्याकडे वेळ नाही."

"हो," भाऊजी म्हणाले. "उद्याच बघतो."