गाठीसारख्या आवळलेल्या वायरी

दिग्रसच्या त्या कापसाच्या जिनिंगमधलं वायरिंग माझं, आणि मला त्याचा माज होता. वजनकाट्याच्या केबिनपासून ऑफिसपर्यंत नेटवर्कची केबल, तिच्या बाजूनंच जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, मोटारींची जाडजूड वायर. लोंबतं काम मला खपत नाही. प्रेसवरच्या काकांना मदतीला घेतलं. रुईच्या गाठी बांधायचा हात त्यांचा. दोन्ही वायरी एकत्र धरून त्यांनी वीत-वीतभरावर पट्ट्या अशा आवळल्या की मुंगी शिरू नये. "पाह्य, कशी गाठ बांधली!" काका म्हणाले. मी शेठना बोलावून कौतुकानं दाखवलं.

आठवड्यात शेठचा फोन. काट्यावरचं वजन ऑफिसात पोचेना. कापसाच्या बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग फाटकाबाहेर गेलेली, भाव पडलेला, माणसं आधीच चिडलेली. मी तिकडं लोहारा गावात, माझ्या दुकानात बसूनच निकाल दिला, "काट्यावरच्या ऑपरेटरची चूक असंल शेठ. वायरिंग माझं आहे."

किती सहज बोललो! आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं पोचलो. काट्यावर कॉम्प्युटर चालवणाऱ्या ताईंचे डोळे लाल झाले होते. शेठनं त्यांना सगळ्यांदेखत बजावलं होतं, आज पुन्हा अडलं तर उद्यापासून येऊ नको.

"मी कवापासून सांगून राह्यली, मोटारी सुरू झाल्या का वजन अटकते. कोणी ऐकतच नाही."

"मोटारींचा काय संबंध?" मी खेकसलोच.

"मंग थांबा. जेवणाची सुट्टी संपू द्या."

सुट्टीत मोटारी बंद होत्या. पाच बंड्यांची वजनं सरळ गेली. मग भोंगा वाजला, जिन घरघरू लागले आणि सहावं वजन तिथंच अडकलं. मोटारीच्या वायरीचा त्रास शेजारच्या केबलला होतो, दोन्हींत हातभर तरी अंतर ठेवावं, हे मी शिकलो होतो. शिकून काय उपयोग? छान दिसावं म्हणून दोघींना गळ्यात गळा घालून बांधलं होतं मीच.

बाहेर बंडीवाले ओरडत होते. कटरनं एकेक पट्टी तोडत गेलो, केबल ओढून समोरच्या भिंतीवर नेली. मोटारी चालूच होत्या. ताईंनी बटण दाबलं. वजन गेलं. पुढचंही गेलं.

शेठ दारात आले. "काय झालतं?"

सेटिंग बिघडली होती, असं सांगून मोकळा होणार होतो. ताई माझ्याकडेच पाहत होत्या.

"चूक माझी, शेठ. ताई पहिल्यापासून बरोबर सांगत होत्या."

शेठ हसले, पाठीवर थाप मारली. "होते बाप्पा असं. चाल, चहा घे." ताईंना एक शब्द नाही.

ताईंनी पुढच्या बंडीला हात केला. "तुमची चूक निघाली तर चहा," स्क्रीनवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "माही निघाली असती तर मी घरी."

मी चहा न घेताच परतलो.