दिगूच्या पायाला बूट मिळाले तेव्हा

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘कशानं?’ पलीकडून त्याची मुलगी मयूरी बोलत होती. रडत रडतच म्हणाली, “झोपेत, काका. दुपारी जेवून पडले आन् उठलेच नाई.” हे ऐकल्यावर मी भिंतीला टेकलो. चाळीस वर्षांचा दोस्त गेला होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्या उंद्रीकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कापूस बुडाला त्या काळात आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी आली की ‘कधी’ किंवा ‘कुठे’ याच्या आधी ‘कशानं’ हेच विचारलं जायचं. दिगूच्या बाबतीत हा प्रश्न एकदा अख्ख्या गावानं मनातल्या मनात विचारला होता… त्या दिवसाबद्दलच लिहायचं आहे.

दिगू म्हणजे दिगंबर. उंद्रीत त्याचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणजे बाकावर तो बसायचा आणि उरलेल्या जागेत मी. देहानं अवाढव्य, आणि पाय तर विचारूच नका. लांबीला साधारणच, पण पंजा असा पसरट की कुठल्याच बुटात शिरायचा नाही. लहानपणी काळ्या मातीत अनवाणी हिंडून पाय फाकले, असं त्याची आई म्हणायची. त्याच्या लग्नात सासरहून आणलेले बूट त्यानं दात-ओठ खात घातले होते. मांडवात मेहुण्यांनी ते लपवले आणि परत द्यायचे पैसे मागायला आल्या, तर हा गडी म्हणतो, “ठेवून घ्या बाई तुमच्यापाशीच. सुटलो म्या!” पुढे सगळी वरात त्यानं माझ्या चपला घालून काढली, टाचा बाहेर ठेवून. सुमनवहिनी ही गोष्ट सांगताना अजूनही हसतात. परवाही हसल्या.

बीटी कापूस आला तेव्हा दिगूच्या दुकानाला बरे दिवस आले. मृगाच्या आधी पाकिटांसाठी रांग लागायची. पहिली काही वर्षं बोंडं अशी लगडली की लोकांनी घरावर स्लॅब टाकले, आणि खामगाव रस्त्याला कापसातली सरकी काढायची एक जिनिंग उभी राहिली. मग बोंडअळी परत आली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडलेली सरकी. एका वर्षी तर शेतंच्या शेतं गेली. दिगूनं काही फसवाफसवी केली नव्हती, सगळीकडे तेच बियाणं होतं. पण गावातलं जवळपास प्रत्येक पाकीट त्याच्या हातून गेलेलं. सख्ख्या मामानंही त्याच्याचकडून नेलं होतं. लोक भांडायला येत नसत, हेच त्याला जड जात होतं. मामा एकदा दुकानात आले, बाकड्यावर बसले, पाणी प्याले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्या दिवसापासून दिगू गल्ल्यावर बसेनासा झाला. आत पोत्यांच्या थप्पीमागे बसायचा. गिऱ्हाईक आलं की वहिनी पुढे.

मी चिखलीला शाळेत क्रीडाशिक्षक. शिकत असताना अमरावतीला रोलर हॉकी, म्हणजे चाकांच्या बुटांवरची हॉकी खेळलो होतो, आणि ते वेड काही गेलं नव्हतं. त्या वर्षी कापूसच आला नाही म्हणून जिनिंग लवकर बंद झाली. जिथे एरवी कापसाचे डोंगर लागायचे ते भलंमोठं सिमेंटचं आवार मोकळं पडलं. मालकाला विचारून मी तिथे रविवारी पोरापोरींना खेळवायला लागलो. मयूरीही यायची. एकदा मी दिगूला जवळजवळ ओढतच नेलं. “गोलात उभा राह्य बे, तू उभा राह्यला की गोलच दिसत नाई,” म्हणालो. तो चपलांवर उभा राहिला. पहिला चेंडू त्याच्या मांडीवर आदळला आणि खूप दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

पुढच्या रविवारी म्हणाला, “मले चाकं पाह्यजेत.” चिखलीत एका दुकानदारामार्फत एक जोड मागवला. पंजा मावेना म्हणून नंबर वाढवत गेलो, आणि तिथेच चुकलं. रुंदीसाठी लांबी वाढवली, त्यामुळे पुढे पंजा आवळलेला आणि मागे टाच नाचते. घोटे आत वळायचे. चाकांच्या वरची पट्टी प्लास्टिकची होती. दुसऱ्या वळणाला ती कडकन मोडली आणि दिगू आवारात आडवा झाला. पोरं हसली, तोही हसला. पण उठून बसल्यावर तुटका बूट हातात घेऊन म्हणाला, “पाह्य रफीक, माह्या मापाचं कायीच बनवत नाई कोणी.” ते बोलणं बुटाबद्दल नव्हतं, हे मला कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनींचा शाळेत फोन आला. “रफीकभाऊ, हे तुमच्याकडे आले का?” दिगू पहाटेच निघून गेला होता. दुकान बंद, मोबाइल बंद. मी गाडी काढून उंद्रीला पोचलो तर दुकानासमोर माणसं जमलेली. वहिनी मागच्या खोलीत औषधांचे डबे हलवून बघत होत्या, एकेक, झाकणाचं सील तपासत. मला पाहून एवढंच म्हणाल्या, “सगळे जागेवर हायेत.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मग आम्ही विहिरी पाहत निघालो. मामा सगळ्यांच्या पुढे. त्या वयात ते बांधांवरून पळत होते आणि प्रत्येक विहिरीच्या काठावर वाकून हाक मारत होते, “दिगंबर! अरे दिगंबर, तुह्यावर राग नाई रे माहा!” ती हाक मी आयुष्यात विसरणार नाही. विहिरीतून त्यांचाच आवाज परत यायचा, आणि पाणी स्वच्छ दिसलं की आम्ही पुढच्या विहिरीकडे.

संध्याकाळी थकून दुकानासमोर परतलो. तेवढ्यात एसटी थांबली. आधी दारातून एक मोठं खोकं बाहेर आलं, आणि त्याच्यामागे दिगू. एवढी गर्दी पाहून तो घाबरला. “काय झालं बे? कोण गेलं?”

वहिनी दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या, आणि पदर तोंडावर धरून हसायला लागल्या की रडायला, ते सांगता येणार नाही. मामांनी पुढे होऊन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच पाठीला मिठी मारली, हात पुरत नव्हते तरी.

“औरंगाबादले गेल्तो,” दिगू म्हणाला. “बूट आणाले. सांगतलं असतं तर तुमी हसले असते. आन् मोबाइलची चार्जिंग सरली.”

मग तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, त्यानं हकीकत सांगितली. खेळसाहित्याचं दुकान. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, वजन किती? “तोंडावर विचारलं ना बे! म्या लाजलो. तं त्या म्हणे, लाजता काऊन, चाकं त्याच्यावरच ठरतात.” मऊ चाकं भारी माणसाखाली दबतात आणि पुढे जात नाहीत, म्हणून कडक घ्यायची. पट्टी धातूची. घोट्याभोवती बूट ताठ पाहिजे. आणि पायाचं माप बसून घ्यायचं नाही, उभं राहून घ्यायचं, कारण पाय पसरतो तो अंगाचा भार आल्यावर. त्याच्यासाठी रुंद पंजाचा वेगळाच साचा निघाला, नंबर नेहमीच्यापेक्षा उलट लहान. गुडघे वाकवून उभं केलं, टाच मागे बसली. बोटं पुढे हलकी टेकत होती, पण वाकत नव्हती. लगेच काढू नका, घालून बसा, पाय बधीर होतो का बघा, असं सांगून त्या आपल्या कामाला लागल्या. “म्या बसून राह्यलो,” दिगू म्हणाला, “आन् रफीक, दुखेच ना. कुठीच दुखेना. या वयात पह्यल्यांदा पायात बूट होता आन् मले मालूमच नोतं पडत.”

मामा म्हणाले, “घाल. दाखव.” आणि तिन्हीसांजेला, गावाच्या भर रस्त्यावर, एका हाताला मामा आणि एका हाताला मी, दिगू चाकांवर उभा राहिला.

पुढे एकदा आवारात दोघंच असताना मी विचारलं, तसं काही मनात होतं का? त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, “आल्ता इचार. खोटं कायले बोलू. औषधाच्या खोलीत जाऊन बसलोबी होतो एकडाव. पन त्या दिवशी नाई. त्या दिवशी मले फकस्त बूट पाह्यजे होते.” बूट काढून ठेवत म्हणाला, “इहिरीवरची मामाची हाक मले आयकू आली नाई रे, तुमी सांगतली. पन मंग रोज आयकू याले लागली.”

त्यानंतर तो गल्ल्यावर बसू लागला. यंदा कापूस नको, सोयाबीन-हरभरा बघा, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू लागला. रविवारी गोलात उभा राहायचा. सोनाळ्याहून, बीबीहून जाडजूड पोरं-पोरी त्याचं नाव ऐकून येत. आई-बापांनी ‘हिला कुठला खेळ’ म्हणून घरी बसवलेल्या मुली. दिगू त्यांना कागदावर उभं करून पेन्सिलीनं पाय आखायचा आणि म्हणायचा, “पाय बरोबर हाये तुहा. बूट चुकीचा होता.” अशी बरीच वर्षं गेली. चांगली गेली.

चौदावं झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. ओसरीवर बसलो. त्यांनी चहा ठेवला आणि आपणहूनच बोलल्या. “त्या दिवसापासून, रफीकभाऊ, यायले झोपेतून उठवाचं म्हटलं का मले भेव वाटे. हाक मारली आन् ओ नाई आली तं… असं. कोणाले बोलली नाई. मंग कधी गेलं ते भेव, मलेबी समजलं नाई. त्या दुपारी म्हणे, उन्हं उतरली का उठव, खेळाले जाचं हाये. मी हात पुसत आली, साधी हाक मारली. भेव नोतंच. त्यायनं ओ नाई देल्ली तरी मले वाटलं, गाढ झोप लागली… आन् तसंच होतं ना ते.”

दिगू दुपारी झोपायचा ती बाज तिथेच होती. दिगूच्या भारानं तिची विणलेली नवार मधोमध खोल बसली होती. मी म्हणालो, “वहिनी, नवार ओढून घेतो का? सैल झाली.”

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. चहाचा कप घेऊन त्या बाजेच्या त्या खोलगट जागेत जाऊन बसल्या, पाय वर घेतले, आणि गरम चहा फुंकून फुंकून पिऊ लागल्या.